शिंगाच्या आतला जीव

श्रावणी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की लोकांची नजर आधी शिंगांवर जाते. पाठीवरची झूल, गळ्यातल्या घुंगरमाळा, कपाळावरचे बाशिंग हे सगळे त्यानंतर. डवरणीचे दिवस संपलेले असतात, सोयाबीन फुला-शेंगांवर आलेले असते आणि वर्षभर जुवाखाली राबलेल्या जनावराचा हा मानाचा दिवस असतो. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. हळद आणि लोणी पळसाच्या पानाने खांद्यावर चोळतात, बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. सकाळी नदी-नाल्यावर आंघोळ झाली, की शिंगांचे काम सुरू होते.

काचेच्या तुकड्याने, विळ्याने किंवा कानशीने वरचा थर खरवडून शिंग गुळगुळीत करतात. याला शिंगे साळणे म्हणतात. मग त्यावर लाल, निळा, हिरवा तैलरंग चढतो, बेगड चिकटते, टोकांना पितळी शेंब्या बसतात आणि गोंडे लोंबू लागतात. मूळचे शिंग पार झाकले जाते.

याच जिल्ह्यात संकरित गाईंच्या गोठ्यात शिंगाचा विचार नेमका उलटा होतो. तिथे वासरू काही दिवसांचे असतानाच शिंगाची कळी जाळून टाकतात, म्हणजे पुढे शिंगच उगवत नाही. एकीकडे शिंगाचा सण, दुसरीकडे शिंगाची अडचण. दोन्हीकडे एक गैरसमज मात्र सारखाच आढळतो. शिंग म्हणजे डोक्यावरचा निर्जीव दांडा, त्याला खरवडले, रंगवले किंवा कापले तर जनावराला काय कळणार, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. शिंग हा कवटीचा जिवंत भाग आहे. त्याच्याशी काहीही करायचे तर हे आधी ठाऊक हवे.

बाहेर कवच, आत हाड

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी आणि काळवीट ही सगळी एकाच कुळातली जनावरे. त्यांच्या शिंगाचे दोन भाग असतात. बाहेरचे कठीण कवच केराटिनचे असते. आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात तेच हे द्रव्य. आत मात्र हाडाचा गाभा असतो आणि तो कपाळाच्या हाडातूनच पुढे आलेला असतो. गाभा आणि कवच यांच्यामध्ये रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेली जिवंत त्वचा असते. तीच आयुष्यभर नवे कवच तयार करत राहते.

नवजात वासराच्या डोक्यावर केसांच्या भोवऱ्याखाली बोटाला एक बारीक गाठ लागते. ती शिंगाची कळी. पहिले सुमारे दोन महिने ही कळी त्वचेतच सुटी असते, कवटीला जोडलेली नसते. त्यानंतर ती हाडाला चिकटते आणि शिंग वाढू लागते. सहा-आठ महिन्यांनंतर कपाळातली हवेची पोकळी शिंगाच्या गाभ्यात पसरायला लागते. ही पोकळी नाकाशी जोडलेली असते. म्हणून मोठ्या बैलाचे शिंग मुळाशी कापले, की जनावराच्या डोक्यातली पोकळी उघडी पडते. टोकाकडचा थोडा भाग तेवढा भरीव कवचाचा असतो. तिथे रक्त नाही आणि वेदनाही नाही.

कारंजा तालुक्यातल्या सोहोळ काळवीट अभयारण्यात हीच रचना रानात पाहायला मिळते. नर काळविटाची पीळदार, वलयांकित शिंगे आयुष्यभर तीच राहतात. चितळ-सांबराचे तसे नाही. त्यांची फांद्यांची शिंगे निव्वळ हाडाची असतात, ती ठरावीक काळाने गळून पडतात आणि नवी येतात. गेंड्याचे शिंग तिसऱ्याच प्रकारचे. त्यात हाड अजिबात नाही, सगळे केराटिन. त्यामुळे गेंड्याला भूल देऊन मुळाच्या थोडे वर शिंग कापले तर इजा होत नाही आणि ते पुन्हा वाढते. चोरट्या शिकारीपासून वाचवण्यासाठी नामिबियाने १९८९ साली हा उपाय सुरू केला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर परिसरातल्या अभ्यासात शिंगे काढलेल्या ठिकाणी शिकार ७८ टक्क्यांनी घटल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. गेंड्याला जे चालते ते बैलाला चालत नाही, याचे कारण शिंगाच्या आत आहे.

साळलेल्या शिंगाचे दुखणे

शिंगाचा कर्करोग हा भारतातल्या गोवंशाचा जुना आणि ओळखीचा आजार आहे. तो शिंगाच्या गाभ्यातल्या पोकळीच्या अस्तरात सुरू होतो. साधारण पाच ते दहा वर्षे वयाच्या, म्हणजे ऐन कामाच्या बैलांत तो जास्त दिसतो. गाई आणि वळू यांच्यापेक्षा खच्ची केलेल्या बैलांत त्याचे प्रमाण अधिक असते. गुजरातच्या कांक्रेजसारख्या लांब, जाड शिंगांच्या वाणांत तो विशेष आढळतो, म्हशींत क्वचितच.

नेमके एकच कारण दाखवता येत नाही. पण धोका वाढवणाऱ्या गोष्टींत पशुवैद्यक काही बाबी सातत्याने सांगतात: शिंगे वारंवार साळणे, त्यांना रासायनिक रंग लावणे, दोराचा किंवा जुवाचा शिंगाच्या मुळाशी होणारा घासा, शिंगाला पुन्हा पुन्हा लागणारा मार आणि कडक ऊन. साळल्याने कवच पातळ होते आणि आतल्या जिवंत थराचे संरक्षण कमी होते. रंगातली द्रावके आणि शिशासारखे विषारी धातू हा वेगळा धोका, कारण जनावरे एकमेकांना चाटतात. पूर्वीचे सगळेच निर्धोक होते असेही नाही. शिंगांना लावायचा हिंगूळ हा पाऱ्याचे संयुग आहे. गेरू मात्र लोहयुक्त माती. त्याने इजा होत नाही.

या आजाराची सुरुवात शेतकऱ्याच्या नजरेला येण्यासारखी असते. बैल एकसारखे डोके झटकतो. खांबाला, दावणीला एकच शिंग घासतो. डोके एका बाजूला कलते धरतो. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंगाच्या मुळाशी बोटाने ठोकले तर तो दचकतो. पुढे शिंग सैल पडते, वाकते आणि एक दिवस गळून पडते. तिथे फुलकोबीसारखी मांसल वाढ दिसते. सुरुवातीलाच शस्त्रक्रिया करून शिंग कपाळाच्या हाडापासून काढले आणि त्वचा शिवून घेतली, तर बैल वाचू शकतो. शिंग वाकेपर्यंत थांबले, तर आजार कपाळाच्या पोकळीत पसरलेला असतो आणि पुन्हा उद्भवतो. वाशीमकरांना अशा शस्त्रक्रियेसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ आहे.

पोळ्याच्या साजात जे निर्धोक आहे ते वेगळे करून पाहता येते. शेंबी बसते ती भरीव टोकावर. तिने इजा होत नाही, उलट टोचणारे अणकुचीदार टोक झाकले जाते. बेगड आणि गोंडे दुसऱ्या दिवशी काढून टाकता येतात. गेरू पाण्याने धुतला जातो. काच, कानस आणि तैलरंग एवढे वगळले, तरी पोळ्याची शोभा कुठेच कमी होत नाही.

कळी जाळणे आणि शिंग कापणे

शिंग मुळात काढायचेच कशाला? उत्तर गोठ्याच्या रचनेत आहे. पूर्वी ही अडचण का नव्हती, ते बंजारा तांड्यांकडे पाहिले की कळते. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजाच्या पूर्वजांनी हजारो बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ देशभर नेले. तांड्यातले बैल लांब शिंगांचे होते, पण ते मोकळ्या रानात चालत आणि चरत. एकमेकांपासून दूर व्हायला जागा होती. आजच्या संकरित गाईंच्या गोठ्यात ती जागा नाही. दावणीला जनावरे खेटून बांधलेली असतात. वरचढ गाय शिंगाने दुसरीला चाऱ्यापासून हुसकते, कासेला जखम होते, गाभणीला मार बसतो, दूध काढणाऱ्या बाईच्या डोळ्याला शिंग लागते. मोडलेल्या शिंगातून रक्त वाहत राहते. एखाद्या जनावराचे शिंग आत वळून गालात किंवा डोळ्याजवळ रुतते. ही कारणे खरी आहेत आणि ती नाकारून चालणार नाही.

प्रश्न वेळेचा आणि पद्धतीचा आहे. वासरू किंवा पारडू पहिल्या एक-दोन आठवड्यांचे असताना कळी अजून कवटीला जोडलेली नसते. त्या वेळी तापवलेल्या विजेच्या उपकरणाने कळीभोवतीची शिंग तयार करणारी त्वचा काही सेकंदांत जाळून टाकता येते. डोळा आणि कळी यांच्या मधल्या हाडाच्या कंगोऱ्याखालून शिंगाचा मज्जातंतू जातो. तिथे लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन काही मिनिटे थांबले, की तो भाग बधिर होतो. भूल उतरल्यावर वेदना सुरू होते, म्हणून सोबत वेदनाशामकही द्यावे लागते. दुसरा मार्ग कॉस्टिक पोटॅशचा. तो स्वस्त दिसतो, पण पावसात ते ओघळून डोळ्यांत जाते आणि आई वासराला चाटते तेव्हा तिची जीभ आणि वासरू पिते तेव्हा तिची कास भाजते. त्यानेही वेदना होतेच, आणि ती बराच वेळ टिकते.

करडांच्या बाबतीत आणखी जपावे लागते. त्यांची कवटी पातळ असते. उपकरण थोडे जास्त वेळ टेकले, तर चटका मेंदूपर्यंत पोहोचतो आणि करडू दगावते. हे काम पशुवैद्यकाचेच आहे.

मोठ्या जनावराचे शिंग तारेच्या करवतीने कापणे ही पूर्ण शस्त्रक्रिया असते. रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात आणि कपाळाची पोकळी उघडी राहते. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत किडे पडतात, पू होतो. त्यामुळे अगदी गरज असेल तेव्हाच आणि शक्यतो हिवाळ्यात ती करतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा आपल्या ११ व्या कलमात गुरांची शिंगे काढण्याला सूट देतो, पण ती विहित पद्धतीने केली तरच. भूल न देता, चार माणसांनी जनावर पाडून, लाकूड कापायच्या करवतीने शिंग उतरवणे या सुटीत बसत नाही.

जन्मजात बिनशिंगी

जाळावेही लागू नये आणि कापावेही लागू नये, असा एक मार्ग निसर्गाने दिलेला आहे. काही जनावरे जन्मतःच बिनशिंगी असतात. युरोपीय गोवंशात हा गुण प्रभावी जनुकाचा आहे. आई-वडिलांपैकी एकाकडून तो मिळाला, तरी वासराला शिंगे येत नाहीत. अँगस हा मांसासाठी पाळला जाणारा वाण पूर्ण बिनशिंगी आहे. होल्स्टीन-फ्रिजियनमध्येही बिनशिंगी वळू आहेत आणि त्यांचे रेत जगात वापरले जाते. आपल्या ओंगोलपासून ब्राझीलमध्ये वाढलेल्या नेल्लोर गोवंशातही बिनशिंगी शाखा तयार झाली. संकरित गाईंसाठी असे रेत सहज मिळू लागले, तर कळी जाळण्याची वेळच येणार नाही.

शेळ्यांत मात्र या गुणाला मोठी किंमत आहे. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात पाळल्या जाणाऱ्या उस्मानाबादी शेळ्यांत बिनशिंगी माद्या बऱ्याच दिसतात. बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी यांची जोडी लावली, तर दोन्हीकडून हा गुण आलेल्या माद्या नर-मादीच्या मधल्या अवयवांच्या आणि वांझ निपजतात. यामागचा जनुकीय बदल फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये शोधून काढला. शेळीपालकाने यातून एकच नियम लक्षात ठेवावा: शेळी बिनशिंगी असेल, तर बोकड शिंगांचा निवडावा.

जनुकात थेट बदल करून बिनशिंगी जनावर तयार करण्याचाही प्रयत्न झाला. अमेरिकेत असे दोन होल्स्टीन गोऱ्हे २०१५ साली जन्माला आले. पुढे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तपासले, तेव्हा त्यांच्या जनुकांत जिवाणूंचा नको असलेला तुकडाही शिरलेला आढळला. पारंपरिक निवड पद्धतीने हेच साधता येत असताना घाई कशाला, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

शिंग ठेवण्याच्या बाजूने

शिंग काढण्याचे फायदे मांडताना शिंगाचे काम विसरता कामा नये. शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांत १९६६ मध्येच दिसून आले, की शरीर तापले की शिंगातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शिंगावाटे उष्णता बाहेर टाकली जाते. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तिथे हा गुण क्षुल्लक नाही. कळपातला क्रम जनावरे शिंगांनी ठरवतात. बहुतेक वेळा नुसते शिंग दाखवून भागते, झुंज होत नाही. नागपुरी म्हशीची तलवारीसारखी, मानेच्या बाजूंनी मागे गेलेली शिंगे ही तिच्या वाणाची ओळख आहे. खिल्लारची उभी, टोकदार शिंगेही तशीच.

स्वित्झर्लंडमध्ये आर्मिन कापाऊल नावाच्या शेतकऱ्याने हा विषय थेट देशाच्या मतपेटीपर्यंत नेला. गाई-शेळ्यांची शिंगे शाबूत ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने अनुदान द्यावे, अशी त्याची मागणी होती. २५ नोव्हेंबर २०१८ रोजी त्यावर सार्वमत झाले. ५४.७ टक्के मतदारांनी ती फेटाळली. पण शंभरातल्या पंचेचाळीस लोकांनी गाईच्या शिंगांसाठी मत दिले, ही गोष्ट छोटी नाही. शिंगे ठेवायची, तर गोठ्यात जनावरामागे जागा वाढवावी लागते. खर्च तिथे येतो आणि तो कोणी सोसायचा, हाच त्या मतदानाचा खरा प्रश्न होता.

वय लपवणारी कानस

बैलबाजारात शिंगाला आणखी एक अर्थ आहे. गाईच्या शिंगावर वेतागणिक आडवी वलये उमटतात, कारण गाभणपणात आणि दुधाच्या काळात शिंगाची वाढ मंदावते. वलये मोजून त्यांत दोन मिळवले, की गाईचे अंदाजे वय निघते, असा जुना ढोबळ हिशेब आहे. म्हणूनच काही विक्रेते कानशीने ही वलये घासून काढतात आणि म्हातारी गाय तरणी म्हणून विकतात. शिंगे मोडून वासरांत शिरण्याची म्हण माणसांना लागू होते. बाजारात ती अक्षरशः घडते. घेणाऱ्याने शिंगावर विसंबू नये, दात पाहावेत. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेले, हे तोंड उघडल्यावर कळते. शिंग संशयास्पद गुळगुळीत असेल, तर कानशीच्या रेघा मुळाजवळ सापडतात.

माणसाच्या डोक्यावरची शिंगे

माणसाला शिंगे नाहीत, म्हणून त्याने ती कल्पनेत आणि सोंगात चढवली. जनावराच्या डोक्यावरून काढायची शिंगे देवा-दानवांच्या डोक्यावर ठेवताना त्याने त्यांत बळ पाहिले. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध मुद्रेवरची आसनस्थ आकृती शिंगांचे शिरोभूषण घातलेली आहे. महाबलीपुरमच्या शिल्पात महिषासुराचे धड माणसाचे आणि मस्तक शिंगांसह रेड्याचे आहे. जव्हार-मोखाडा भागातल्या बोहाड्यात देवी आणि महिषासुराची सोंगे मुखवटे लावून आजही झुंजतात. युरोपात वायकिंग योद्ध्यांचे म्हणून ओळखले जाणारे शिंगांचे शिरस्त्राण तर निव्वळ नाटकाच्या कपड्यांतून आले. बायरॉइट येथे १८७६ साली झालेल्या वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी वेषभूषा केली, तेव्हापासून ती प्रतिमा रूढ झाली. खऱ्या वायकिंगांनी युद्धात अशी शिरस्त्राणे वापरल्याचा पुरावा नाही.

जिथे शिंग बळाचे, तिथे ते लपवणे किंवा कापणे म्हणजे माणसांत मिसळण्याची धडपड, असा अर्थ कथांनी लावला. भारतात अनेक भागांत सांगितल्या जाणाऱ्या लोककथेत राजा आपली शिंगे पागोट्याखाली लपवतो आणि एकट्या न्हाव्याला ते गुपित कळते. अमेरिकन चित्रकथांतला हेलबॉय हा दानवकुळातला नायक माणसांत वावरता यावे म्हणून आपली शिंगे घासून खुंटाएवढी ठेवतो. आपल्या महाभारतातली ऋष्यशृंगाची कथा मात्र वेगळी आहे. हरिणीच्या पोटी जन्मलेला, डोक्यावर शिंग असलेला हा ऋषिकुमार अंगदेशात आणला जातो आणि तिथला दुष्काळ संपून पाऊस पडतो. त्याचे शिंग कोणी लपवत नाही, कापतही नाही. शिंगासकट त्याला स्वीकारले जाते.

आता काय करायचे

कल्पनेतली शिंगे कापली तर रक्त येत नाही. गोठ्यातली कापली तर येते. म्हणून शेवटी जमिनीवरच्या गोष्टी. पोळ्याला बैलाची शिंगे साळू नका. तैलरंगाऐवजी गेरू लावा, शेंब्या आणि गोंडे हौसेने बांधा. शिंगाला दोर बांधून जनावर ठेवू नका. बैल डोके झटकत असेल, एका नाकपुडीतून रक्ताळ पाणी येत असेल, तर पोळा होईपर्यंत थांबू नका. वासराची शिंगे नकोच असतील, तर निर्णय पहिल्या दोन आठवड्यांत घ्या आणि बधिर केल्याशिवाय कळीला हात लावू देऊ नका. जागा असेल, देशी वाण असेल, तर शिंगे राहू द्या. गावात दवाखाना नसेल, तर १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते. बैलाला वर्षातून एकदा देव मानणाऱ्या शेतकऱ्याने त्याच्या शिंगाला बाराही महिने शरीराचा भाग मानावे, एवढेच मागणे आहे.